दोन मिनिटं सतरा सेकंद

दुकानातल्या पोराने काचेखालून सात नग काढले.
एकात वीस हजार गाणी मावतात म्हणाला,
एकाचा पडदा तळहाताएवढा,
एकाचा आवाज इतका स्वच्छ
की गाणारी श्वास कुठे घेते तेही कळावं.
मी पिशवीतून कामाचे हातमोजे काढून घातले,
जाड, ग्रीसने काळवंडलेले,
आणि म्हटलं, आता दाखव.

पडदे एकेक करून मुके झाले.
उरला कोपऱ्यातला, स्वस्तातला, पाच बटणांचा,
मधल्या बटणावर मसुरीच्या दाण्याएवढा उंचवटा.
डोळे मिटून दाबून पाहिला. पुन्हा पाहिला.
रांगेतला म्हातारा म्हणाला,
बाई, खरबूज घेताय का?

ग्दिनियाच्या बंदरात, चौथ्या धक्क्यावर,
बेचाळीस मीटर उंच माझी खोली आहे:
एक खुर्ची, दोन दांडे, पायाखाली काच.
काम चालू असताना कानात फक्त खालच्यांचा रेडिओ.
पण वारा फार झाला की क्रेन थांबते,
उतरायचं तर दोनशे चौदा पायऱ्या,
म्हणून बसून राहते.
तेव्हा मसूर दाबायची.

थंडी उणे आठवर गेली की त्याची बॅटरी मान टाकते,
म्हणून त्याला लोकरी बनियनच्या आत ठेवते, पोटाशी.
क्लिप दुसऱ्याच हिवाळ्यात तुटली,
तिथे आता मुळ्याच्या जुडीचं रबर.
आमच्या अक्षरांना शेपट्या असतात, टोपरी असतात,
ती त्याला वाचता येत नाहीत,
दिसलं असं अक्षर की तो रिकामा चौकोन ठेवून मोकळा.
गाण्यांची नावं सरकतात
धक्क्यावरच्या कंटेनरांसारखी,
आत काय आहे ते न सांगता.
मला चालतं.
आयुष्यभर चौकोनच उचललेत.

गाणी त्सेझारीने भरून दिली, नऊ वर्षांचा होता.
एक टँगो अर्धा उतरला असताना त्याला भूक लागली
आणि त्याने वायर ओढली.
त्या टँगोत रात्री दारावर थाप पडते.
बाई दिवा न लावता विचारते, कोण आहे?
आणि दोन मिनिटं सतरा सेकंदांवर
सगळं गप्प.
मग एकदम पोल्का.

अकरा वर्षं.
काय काय आणून उभं केलं मी त्या दारात.
घटस्फोटाचे कागद घेऊन आलेला कुरिअरवाला,
ओल्या बुटांचा एक खलाशी, ज्याचं मला नावही माहीत नव्हतं,
एका डिसेंबरात, लाज वाटते सांगायला, वीजबिलवाला.
कधी कुणीच नाही,
आणि ती बाई तशीच उभी, कडीवर हात ठेवून.

मग ऑक्टोबरात भाचीचं, योव्हिताचं लग्न.
बँडने नेमका तोच टँगो धरला.
मी जागच्या जागी थबकले,
पाय आपोआप पोल्काच्या तयारीत.
नवऱ्या मुलाचा काका, चांगला शंभर किलोचा, माझ्या अंगठ्यावर.
गाणं मात्र पुढे गेलं. मला पत्ताच नव्हता की ते पुढे जातं.
दारात शेजारी होता.
छत्री परत करायला आला होता.
वर आणखी दोन कडवी, त्या छत्रीवरच.

घरी येताना त्सेझारी गाडी चालवत म्हणाला,
आई, अख्खं टाकून देतो की, मिनिटभराचं काम.
हात लावून तर बघ, म्हटलं.
अंगठा ठणकत होता.

आज वारा एकोणीसवर.
खोली डुलते, थर्मासमधली कॉफी काठापर्यंत येऊन परत जाते.
पोटाशी ऊब लागून तो जागा झालाय.
थाप. कोण आहे?
खाली धक्क्यावर पिवळ्या जाकिटातलं कुणीतरी
मान वर करून हात हलवतंय.
इतक्या उंचावरून
चेहरा दिसत नाही.